फँटसीतला हिरो गे आहे, मराठी वाचकाला सोबत कसं न्यायचं

फँटसी लिहिताय, मराठीत लिहिताय, हिरो गे आहे, आणि पोटात गोळा आलाय की वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटणार. मला रोज यायचा तो गोळा. सोलापुरात बसून गेली चार वर्षं एकच कादंबरी लिहितोय, दोनदा अख्खी मोडून परत लिहिली, त्यातनं जे हाताला लागलं ते इथं सांगतो म्हणजे तुमची तरी वर्षं वाचतील. मी स्वतः गे आहे हे पण आधीच सांगून टाकतो, कारण मला मनापासून पाहिजे की आपल्या भाषेत असा हिरो असावा आणि तो लोकांना आपल्या घरातला वाटावा.

सगळ्यात आधी वाचकाला "पटवायचंय" हे डोक्यातनं काढा. पहिल्या खर्ड्यात मी तेच केलं होतं, हिरो दर दुसऱ्या प्रकरणात प्रेमावर भाषण द्यायचा, आणि वाचणारे सगळे माझेच मित्र, माझ्या बाजूचे, तेही कंटाळले. गोष्ट वाचताना माणूस मतं तपासत नसतो, त्याला कुणाची तरी काळजी लागलेली असते. याचं आता कसं होणार, हा यातनं सुटतोय का, एवढं एकदा वाचकाला लागलं की तो तुमच्या हिरोबरोबर कुठंही येतो.

म्हणून हिरोला आधी काम द्या, हाताचं काम. माझा रेवण विणकराचा पोरगा आहे, तळ्याच्या मधोमध वसलेल्या नगरात राहतो, सिद्धेश्वराचं तळं बघत मोठा झालोय त्यामुळं ते नगर मला आपोआप दिसलं. त्याच्या मागावर विणलेली चादर पांघरून झोपलं की गेलेलं माणूस स्वप्नात भेटायला येतं. राजाचा तरुण मुलगा वारलाय, राजाला ती चादर पाहिजे, आणि नेमका रेवणचा धोटा, म्हणजे मागातनं आडवा धागा नेणारं लाकडी साधन, चोरीला जातो. पण पहिल्या दोन पानांत यातलं काहीच नाही, पहिली दोन पानं तो फक्त तुटलेला धागा जोडतोय, दोन टोकं बोटांत धरून बारीक चपटी गाठ मारतोय कारण गाठ मोठी झाली की फणीत अडकते. आमच्या पूर्व भागात हे लहानपणापासनं बघितलंय, तिथं माग चालू असताना माणसं गाढ झोपतात आणि लाईट जाऊन माग बंद पडले की दचकून उठतात. असलं काहीतरी तुमच्या गावचं, तुमच्या डोळ्यासमोरचं घाला, जादू त्याच्यावर बसते. आणि त्याच दुसऱ्या पानावर तळ्यावरचा नावाडी दौलू दारात येऊन उभा राहतो, आणि रेवणनं आत्ताच जोडलेला धागा परत तुटतो. बास, एवढंच, पण वाचकाला कळतं.

हे लवकर कळणं महत्त्वाचं आहे. दुसऱ्या खर्ड्यात मी ते दीडशे पानं लपवून ठेवलं होतं, वाटलं आधी लोकांना रेवण आवडू दे मग हळूच सांगू, आणि झालं उलटंच, वाचणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटलं. एका मैत्रिणीनं तोंडावर सांगितलं की तू माझ्यावर भरोसा नाही ठेवलास, ते मला लागलं कारण खरं होतं. हॅरी पॉटरच्या लेखिकेनं त्यातला म्हातारा जादूगार डंबलडोर गे असल्याचं ऑक्टोबर २००७ मध्ये एका कार्यक्रमात सांगितलं, सातवं पुस्तक जुलैत येऊन गेल्यावर, आणि जगभरचे कितीतरी वाचक तेव्हा हेच म्हणाले की मग पुस्तकात का नाही लिहिलं. गोष्टीत जे आहे ते गोष्टीत सांगा, आणि सुरुवातीला सांगा.

आता घराबद्दल, इथं मी जरा जास्त बोलणार, कारण आपला वाचक अडतो तो इथंच.

आमच्या शेजारी एक अक्का आहेत, घरी तेलुगू बोलतात, आयुष्यभर विड्या वळल्या. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो पण ऐकायला आवडतं, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्या उंबऱ्यात बसून प्रकरणं वाचून दाखवायचो. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेली पानं एका बाजूला, त्या न बघता पान घेणार, तंबाखू भरणार, वळणार, दोरा बांधणार, आणि ऐकत राहणार. रेवण आणि दौलूचं प्रकरण आलं तेव्हा माझाच आवाज बारीक झाला. प्रेमाचा सीन वाचून झाला. अक्कांचा हात चालूच होता. मग म्हणाल्या, "अय्यो, आन त्याच्या आईला कोण सांगितलं हे?" मी म्हटलं अजून कुणी नाही सांगितलं. "मग सांगायला नको? ती पोरी बघत असेल की."

त्या रात्री कळलं की माझ्या कादंबरीत रेवणला आईच नव्हती, मी तिला पहिल्या पानाच्या आधीच मारून टाकलं होतं, सोयीसाठी. इंग्रजी फँटसी वाचून वाचून सवय लागते, हिरो अनाथ, मोकळा, घोड्यावर बसला की निघाला. आपल्याकडं हिरोला आई असते, चुलता असतो, लग्नाचं कधी असं विचारणारी आत्या असते, आणि त्या सगळ्यांना तुम्ही गायब केलंत तर वाचकाला वाटतं लेखक अवघड जागा टाळतोय. तेव्हा आई ठेवा. तिला लगेच समजूतदार करू नका आणि राक्षसीणही करू नका. माझ्या नव्या खर्ड्यात रेवणची आई चार दिवस त्याच्याशी बोलत नाही, पण डब्यात भाकरीबरोबर शेंगाचटणी रोज घालते, आणि पाचव्या दिवशी डब्यात भाकऱ्या दोघांपुरत्या असतात. हे मी अक्कांना वाचून दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली.

हिरो राजपुत्र असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे, वंशाचं काय, गादीवर कोण बसणार. याला घाबरू नका कारण उत्तर आपल्या इतिहासातच पडलंय, दत्तक. आमच्या शेजारचं अक्कलकोट संस्थानच बघा, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी पारदच्या पाटलाचा मुलगा आपला मानला, फत्तेसिंह भोसले नाव दिलं, आणि त्याच्यापासनं ती गादी चालली. बडोद्याचे सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक आले. १८४८ मध्ये डलहौसीनं दत्तक नाकारून सातारा खालसा केलं हे आपण शाळेत शिकलोय. म्हणजे मराठी वाचकाला दत्तक समजावून सांगावं लागत नाही, उलट त्यात कारस्थान आलं, नात्यातली भांडणं आली, कुणाचा मुलगा घ्यायचा यावरून अख्खा एक भाग निघतो. अडचण वाटत होती तीच गोष्टीचं इंजिन होते.

दुसरा एक आक्षेप हमखास येतो, की जुन्या काळात असलं नव्हतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवताना हेच लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं की हिरो तसा असायची गरज काय. ज्या कथेत मेलेली माणसं चादरीखाली भेटतात तिथं हे. खूप वाईट वाटलं, दोन महिने काही लिहिलं नाही. पण नंतर कायद्याचा इतिहास वाचला तर असल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतलं, आणि सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातनं सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला बाहेर काढलं. म्हणजे तुमच्या आटपाट नगरात हा गुन्हा असलाच पाहिजे अशी काही सक्ती नाही, तिथं गोऱ्या साहेबाची दंडसंहिता आलेलीच नाही. तुम्ही ठरवा. एक तर असं नगर करा जिथं कुणाला काही वाटतच नाही, किंवा असं जिथं वाटतं, पण मग का वाटतं, कुणाला वाटतं, कोण त्याचा फायदा घेतंय हे माहीत पाहिजे. दोन्हीच्या मधे लोंबकळलात, म्हणजे पहिल्या भागात कुणाला काही वाटत नाही आणि आठव्यात अचानक गाव दगड घेऊन उभं, तर वाचकाचा विश्वास तिथंच उडतो.

लग्नाचं पण तसंच. २०१८ नंतर बऱ्याच लोकांना वाटतं आता सगळं झालं, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, आजही दोन पुरुषांच्या लग्नाला आपल्या कायद्यात जागा नाही. कादंबरीत मात्र आहे, तुम्ही दिलीत तर. माझ्याकडं शेवटाकडं एक लग्न आहे, त्यातला अंतरपाट रेवणनं स्वतः विणलाय, आणि मंगलाष्टकं चालू असताना त्याला पलीकडच्या दौलूचा चेहरा दिसत नाही पण कापडात एक धागा चुकलाय तो दिसतो, आणि तो बघत बसतो. हा सीन वाचून एका साठीच्या काकांनी मला विचारलं की चुकलेला धागा कुठला, पहिल्या पानावरचा का. ते काका मला सुरुवातीला म्हणाले होते की मला असले विषय झेपत नाहीत.

शब्दांवर बसून काम करा. समलिंगी हा शब्द पेपरातला आहे, बातमीत ठीक, पण आटपाट नगरातला विणकर तो वापरायला लागला की सगळी हवा जाते. मराठीत चोरून काही लिहिताही येत नाही, गेलो की गेली, आला की आली हे क्रियापदच सांगून टाकतं, आणि ते चांगलंच आहे. पण आपल्याकडं एक फार सुंदर गोष्ट आहे, "माझं माणूस". नपुंसकलिंगी, घरगुती, आणि त्यात सगळं येतं. दौलू रेवणबद्दल लोकांना सांगतो तेव्हा "ते माझं माणूस आहे" एवढंच म्हणतो, आणि आजपर्यंत हे वाक्य कुणाला खटकलं नाही. ओढ, वाट बघणं, विरह यासाठी तर आपल्या कानाला फार जुनी सवय आहे. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पुरुष कवी बाईच्या आवाजात विठ्ठलासाठी झुरतो आणि आपण ते ऐकून डोळे पुसतो. संतांना पुरावा म्हणून पुढं करू नका, ते भक्तीचं आहे आणि तसं केलं तर लोक दुखावतील, ते बरोबरही नाही. पण झुरण्याची ती लय कानात ठेवून लिहा, वाचक ती ओळखतो.

टिंगलीचे शब्द, बायल्या वगैरे, वाईट पात्राच्या तोंडी येऊ शकतात, पण लेखकाच्या निवेदनात कधी नाही. आणि लचकत चालणारा, काजळ घातलेला कपटी प्रधान कृपा करून नको, तो आपण नाटकांत आणि सिनेमांत खूप सोसलाय. गे म्हणजे तृतीयपंथी अशी गल्लत पण बऱ्याच जणांच्या डोक्यात असते, दोन्ही वेगळी माणसं आहेत हे पात्रांतनं दिसू द्या, समजावत बसू नका.

दोघांतला एक मारायचा मोह होतो, मला पण झाला, रडवायला सोपं जातं. इंग्रजीत मर्सिडीज लॅकीनं १९८९ मध्ये व्हॅनिएल नावाचा गे हिरो घेऊन तीन पुस्तकांची मालिका सुरू केली, त्या काळी केवढी मोठी गोष्ट, पण त्याचा पहिला प्रियकर पहिल्याच पुस्तकात जातो. अशा इतक्या गोष्टी झाल्यात की वाचक आता दोन पुरुष जवळ आले की मरणाचीच वाट बघतो. जगवा त्यांना. आपल्या श्रावणातल्या कहाण्या कशा सुफळ संपूर्ण होतात, नागोबा मामा होऊन येतो, नावडती आवडती होते, मग रेवण-दौलूलाच का नाही.

लिहून झालं की वाचून दाखवा, आणि फक्त आपल्यासारख्यांना नको. पण "पटलं का" असं विचारू नका, माणूस लाजेनं हो म्हणतो. विचारा की कुठं कंटाळा आला, पुढं काय होईल असं वाटतं, कुणाचा राग आला. कुणी म्हटलं की दौलूचा राग आला, तो रेवणला न सांगता गेला म्हणून, तर समजा काम झालं, वाचक नवराबायकोच्या भांडणात पडतो तसा यात पडलाय. काही लोक तरीही वाचणार नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात मी फार दिवस घालवले, तुम्ही ते दिवस पुढच्या प्रकरणाला द्या.

आणि मलपृष्ठावरचा मजकूर स्वतः लिहा, प्रकाशकावर सोडू नका, कारण तिथं "एका अनोख्या मैत्रीची कहाणी" असलं काहीतरी छापून येतं. माझा सध्या असा आहे: "रेवणच्या चादरीखाली मेलेली माणसं भेटतात. त्याचा धोटा चोरीला गेलाय, राजाचे शिपाई दारात आहेत, आणि त्याचं माणूस, नावाडी दौलू, तीन दिवस झाले तळ्यावरनं परत आलेला नाही."