लाकडी टगबोटीचा कार्यकाळ आणि तिचा अंत कसा शोधावा

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर राबलेल्या एखाद्या लाकडी टगबोटीचा, म्हणजे इतर जहाजे ओढून नेणाऱ्या वाफेच्या बोटीचा, इतिहास लिहायचा असल्यास प्रथम तिचा अधिकृत क्रमांक मिळवावा. एकाच नावाच्या अनेक बोटी असत आणि काहींची नावे पुढे बदलतही. 1860च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी सरकारने दिलेला क्रमांक मात्र बोटीबरोबर अखेरपर्यंत राही आणि तिच्या मुख्य तुळईवर कोरला जाई. सरकारच्या वार्षिक जहाज-याद्यांत या क्रमांकासमोर बांधणीचे वर्ष, ठिकाण, टनभार आणि नोंदणीचे बंदर सापडते.

त्यानंतर सीमाशुल्क कार्यालयाची नोंदणीपत्रे पाहावीत. मालक किंवा बोटीची मापे बदलली की जुने पत्र परत करून नवे घ्यावे लागे, आणि परत केलेल्या पत्रावर त्याचे कारणही लिहिले जाई. ही पत्रे कालक्रमाने मांडली की बोट कोणाकडे होती आणि तिची दुरुस्ती अंदाजे केव्हा झाली, हे उलगडते.

ती रोज काय काम करत होती, हे या कागदांत क्वचितच सापडते. त्यासाठी बंदरांतील वृत्तपत्रांची जहाजवार्तांची सदरे चिकाटीने वाचावी लागतात. ईरी आणि ह्युरॉन सरोवरांमधील नद्यांत शिडाची जहाजे ओढून नेणे हा मोठ्या टगबोटींचा मुख्य व्यवसाय होता. डेट्रॉइट येथे 1868मध्ये बांधलेली ‘चॅम्पियन’ आठ जहाजे एकामागे एक ओढत असल्याचे चित्र प्रसिद्ध आहे. शिडाची जहाजे कमी झाल्यावर अनेक टगबोटी ओंडक्यांचे तराफे ओढण्याकडे, अडकलेली जहाजे सोडवण्याकडे किंवा बंदरातील किरकोळ कामाकडे वळल्या. त्यामुळे बातम्यांत एखादी बोट दिसेनाशी झाली, तर ती बुडाली असे लगेच मानू नये.

अंताचा शोध सर्वांत काळजीने घ्यावा. 1874च्या कायद्यानुसार गंभीर अपघाताचा अहवाल पाच दिवसांत सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे द्यावा लागे. तो आणि वृत्तपत्रातील बातमी शेजारी ठेवून वाचावीत. अवशेष सापडले असतील, तर फासळ्यांची, म्हणजे सांगाड्याच्या बाजूंच्या उभ्या लाकडांची, वरची टोके जळालेली आहेत का, हे पाहावे, कारण लाकडी सांगाड्यात पेटता बॉयलर वाहणाऱ्या या बोटींना आगीचा धोका नेहमीच असे. यंत्र आणि बॉयलर दोन्ही जागेवर नसतील, तर बोट मोडीत काढून टाकून दिली असण्याची शक्यता अधिक असते, पण बुडालेल्या बोटीतूनही यंत्रे वर काढली जात, हे विसरू नये. जुने यंत्र नव्या सांगाड्यात बसवण्याची रीत असल्याने केवळ यंत्रावरील वर्षावरून बोट ओळखू नये; सांगाड्याची लांबी आणि रुंदी मोजून ती मापे नोंदणीपत्राशी ताडून पाहावीत.

कोकणच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव या गोड्या, थंड पाण्यात नसतात, म्हणून तेथे शतकापूर्वीच्या फळ्याही मोजता येतात. मात्र 1980च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलेल्या परक्या शिंपल्यांचे थर अनेक अवशेषांवर चढले आहेत. ते खरवडल्यास लाकडाला इजा होते. सरोवरांच्या तळावरील बेवारस अवशेषांवर 1987च्या कायद्याने सामान्यतः त्या-त्या राज्याची मालकी आहे, त्यामुळे तेथून काहीही न उचलता फक्त मापे, रेखाटने आणि छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्यावी.