वितळत्या बर्फात वेळ टिपायचा तर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा वितळत्या बर्फाचे एकामागून एक फोटो काढून त्यांची फिल्म करायला गच्चीवर जाऊ नका. मी गेलो होतो. ट्रायपॉड लावेपर्यंत अर्धा खडा गेला आणि भर उन्हात मोबाईलही तापून बंद पडला. घरातच, खिडकीजवळच्या सावलीत बसा. कूलरचा झोत मात्र बर्फावर नको, वितळण्याची चाल बिघडते.

ट्रेमधला खडा मधोमध पांढरा दिसतो, कारण आत हवा अडकते. काचेसारखा बर्फ हवा असेल तर थर्मोकोलच्या डब्यात पाणी भरून, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा तळाशी ढकलली जाते. पूर्ण गोठण्याआधी काढा, वरचा स्वच्छ भाग तेवढा घ्या.

आता खरी गंमत. खड्याखाली जाड कागद ठेवा आणि बर्फ करतानाच पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. आधी कोपरे गोल होतात, कारण तिथे ऊब तीन बाजूंनी लागते. मग शाई कागदात पसरते, एकेक कडा उमटते. बर्फ संपला तरी ते डाग उरतात. मला तर फोटोंपेक्षा तो कागदच जास्त आवडतो.

दर ३० सेकंदांनी एक फोटो घ्या. दोन तासांत २४० फोटो, म्हणजे सेकंदाला २४च्या गतीने १० सेकंदांची फिल्म. फोकस, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड येतो ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आधीच लॉक करा, नाहीतर फिल्म लुकलुकते.