जलबाग आखताना लोकांचं मत कसं घ्यावं: या चुका टाळा

‘आपल्या सामायिक बागेशेजारी जलबाग, म्हणजे पाणवनस्पतींचं तळं, हवी का?’ असं विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात. त्या होकारावर आराखडा उभा राहत नाही. तळं कुठे, किती खोल, पाणी कोणत्या नळाचं, पंपाची जाळी कोण धुणार, हे ठरवायचं असतं आणि ते छापील प्रश्नावलीतून निघत नाही. त्यासाठी जागेवर फक्कीने तळ्याचा आकार आखा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. खताची ढकलगाडी वळत नाही, व्हीलचेअरला वाट उरत नाही, नळी रोज ओलांडावी लागते, हे वावरतानाच ध्यानात येतं. मतं त्यानंतर विचारा. वाफा करणारे, भिंतीपलीकडचे शेजारी आणि लहान मुलांचे पालक यांच्याशी वेगवेगळं बोला. एकाच सभेत सगळ्यांना बसवलं तर मोठा आवाज असलेल्यांचंच मत नोंदलं जातं.

हरकतींना विरोध समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ‘डास होतील’ ही भीती रास्त आहे. उबदार हवेत अंड्यापासून डास उडायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. पण गप्पी मासे असलेल्या खोल पाण्यात अळ्या फारशा टिकत नाहीत. त्या वाढतात कडेच्या उथळ खोबणीत, रिकाम्या कुंड्यांत, बंद कारंज्याच्या भांड्यात. म्हणून मासे पोहोचणार नाहीत असे कोपरे आराखड्यातूनच काढा. तळ्यातून वाहून जाणारं जादा पाणी ओढ्यात सोडू नका, कारण त्याबरोबर मासेही जातात.

‘मुलं पडतील’ यावर फलक लावणं हे उत्तर नव्हे. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. पाण्याच्या किंचित वर, मुलाचं वजन पेलणारी पोलादी जाळी घट्ट बसवा. ते जमत नसेल तर उघडं पाणी ठेवूच नका. टाकी जमिनीत पुरून वर जाळी आणि गोटे, त्यातून बुडबुडणारं पाणी, एवढंही पुरेसं देखणं दिसतं.

जागेबद्दल बहुतेक जण सखल कोपरा सुचवतात, कारण पाणी तिकडेच साचतं. तीच अडचण आहे. पावसात वाफ्यांतलं खतही तिकडेच वाहतं आणि नत्र-स्फुरद मिळालं की शेवाळ माजतं. तळं थोडं उंचावर घ्या, कड भोवतालच्या जमिनीपेक्षा 10 ते 15 सेंमी वर ठेवा. मोठ्या झाडाखालची जागाही नको. पानं कुजून पाणी काळं पडतं, आणि कमळ-कुमुदिनीला फुलायला 5 ते 6 तास थेट ऊन लागतं.

मापात चूक होते ती लाइनरच्या, म्हणजे पाणी धरण्यासाठी खड्ड्यात अंथरायच्या जलरोधक पडद्याच्या. लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही कडांना 30-30 सेंमी, असा हिशेब धरा, रुंदीलाही तोच. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 60 सेंमी खोल तळ्याला 4.8 बाय 3.8 मीटर लाइनर लागेल. कडा उभ्या असतील तर त्यात 3,600 लिटर पाणी मावतं. दोन तासांत ते एकदा फिरवायचं तर ताशी 1,800 लिटरचा पंप हवा, आणि हा आकडा पाणी जेवढ्या उंचीवर चढवायचं त्या उंचीचा असावा. खोक्यावर बहुधा शून्य उंचीचा आकडा छापलेला असतो. कारंजं कुमुदिनीपासून दूर ठेवा, पानांवर सतत तुषार पडलेले तिला मानवत नाहीत.

पाणी भरल्यावर पहिले काही आठवडे ते हिरवं दिसेल आणि तक्रारी येतील. घाबरून पाणी बदललं की नव्या पाण्यातून नवी पोषकद्रव्यं येतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकू द्या. रोपांच्या कुंडीत कंपोस्ट नको, चिकणमाती भरा. जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी आणू नका.

पातळी उतरली की लगेच ‘गळतंय’ अशी ओरड होते. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिमी बाष्पीभवन धरलं तरी 6 चौरस मीटर तळ्यातून 36 लिटर जातात. पंप बंद करा, बादली पाण्याने भरून तळ्यात पायरीवर ठेवा आणि बादलीतल्या व तळ्यातल्या पातळीवर खूण करा. 24 तासांनी दोन्ही सारख्या उतरल्या तर ती वाफ आहे. तळ्याची जास्त उतरली तर लाइनर गळतोय. पंप चालू असतानाच पातळी घटत असेल तर आधी नळ्यांचे जोड आणि धबधबा केला असेल तर त्याची कड तपासा.