मसाई माराच्या सफारीला जाताना: तयारी कुठून सुरू करावी

ताडोब्याला वाघ दिसेल की नाही, ही धाकधूक शेवटपर्यंत असते. केनियातल्या मसाई मारात तशी नसते. उघडं माळरान आहे, दोन-तीन दिवसांत सिंह दिसतोच. सहल बिघडते ती लसीचं कार्ड, बॅगेचं वजन, पहाटेची थंडी अशा कारणांनी. म्हणून तयारीवर वेळ खर्च करा.

महिना ठरवताना

नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे) कळप पाहायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर. पण याच काळात गर्दी असते आणि प्रवेशशुल्कही दुप्पट. 2024 पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर पडतात, जानेवारी ते जून 100. सिंह, चित्ता, बिबट्या एवढंच पाहायचं असेल तर आमचं मत सरळ जानेवारी-फेब्रुवारीच्या बाजूचं आहे. गाड्या कमी असतात. मोठे कळप तेव्हा टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला विणीसाठी गेलेले असतात, पण मांजरकुळातले प्राणी माराचा इलाखा सोडत नाहीत. एप्रिल-मे टाळा. इथली माती आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, चिकट. पाऊस झाला की फोर बाय फोर गाडीसुद्धा रुतते आणि अर्धा दिवस ती काढण्यात जातो.

दोन महिने आधी

पहिलं काम पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच, आधी नोंदवलेल्यांना एकत्र बोलावतात. इथेच लोक अडकतात, कारण प्रमाणपत्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर उपाय उरत नाही. भारतात परतताना विमानतळावर हे कार्ड मागतात. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड हातात आलं की केंद्रावरच तपासून घ्या: नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का, पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का, सही-शिक्का आहे का. ते जन्मभर चालतं, जपून ठेवा. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची ॲलर्जी असणारे आणि तान्ही बाळं यांच्याबाबत आधी डॉक्टरांशी बोला.

त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचं विचारा. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर घ्यायच्या असतात, डॉक्सीसायक्लिन चार आठवडे. घरी आल्यावर बंद करणं ही नेहमीची चूक.

जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, लागते. किमान आठवडाभर आधी अर्ज करा.

बॅग भरताना

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर कॅमेरा धरून एकूण 15 किलो, आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या सामानाच्या कप्प्यात मावत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे. चिवडा, खाकरे कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. अभयारण्यात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून माणशी एक स्टीलची बाटली.

कपडे खाकी, तपकिरी, फिकट हिरवे. काळ्या आणि गडद निळ्या रंगावर त्सेत्से माश्या येतात, चावा चांगलाच झोंबतो. लष्करी छापाचे कपडे नकोत. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटरवर आहे. पहाटे सहाला छत उघडून गाडी निघते तेव्हा वारा हाडात शिरतो आणि दहाला ऊन चटका देतं. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा एकावर एक तीन पातळ कपडे आणि कानटोपी.

दुर्बीण 8x42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची), आणि माणशी एक. एकच असेल तर ती हातात येईपर्यंत बिबट्या झाडावरून उतरलेला असतो. मोठी लेन्स नेणार असाल तर ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो उभा राहत नाही. त्याऐवजी जाड सुती कापडाची वीतभर रुंद पिशवी शिवून, चेन लावून रिकामीच न्या. नैरोबीत किलोभर तांदूळ किंवा राजमा घेऊन ती पाऊण भरा. छताच्या कडेवर ठेवून मधोमध मुठीने खळगा करा, त्यात लेन्स बसते. गच्च भरली तर लेन्स वरून घरंगळते. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर चित्रात उतरते.

प्लग तीन चपट्या पिनांचा, ब्रिटनसारखा लागतो. आपले गोल पिनांचे चालत नाहीत.

गाडीत

पहिल्याच सकाळी ड्रायव्हर-गाइडला तुम्हाला काय आवडतं ते सांगा: पक्षी, हत्ती, की एकाच चित्त्याजवळ दोन तास बसणं. हे न सांगितल्याने तो बिचारा दिवसभर वायरलेस ऐकत सिंहामागे पळत राहतो. स्वाहिलीतले चार शब्द शिकून जा. सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, डुमा चित्ता, फिसी तरस. वायरलेसवर काय चाललंय ते कळू लागतं. सगळे जिराफ एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर थांबून तिकडे पाहा, बहुधा तिथे शिकारी प्राणी असतो.

रस्ता सोडून गाडी गवतात घालायला त्याला सांगू नका, जादा पैसे तर मुळीच देऊ नका. दंड त्याला होतो, परवाना त्याचा जातो, आणि शिकारीवर निघालेली चित्त्याची मादी उपाशी राहते.

बहुतेक कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने निघू नका, टॉर्च दाखवून पहारेकऱ्याला बोलवा. दिवसा तंबूची चेन पूर्ण लावा, माकडं आत शिरून बिस्किटांबरोबर औषधंही नेतात.

परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आफ्रिकेत जाऊन आलोय, आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या.