मालवण-वेंगुर्ल्याकडे जाताय? या चुका टाळा

माझी मावशी देवबागला खानावळ चालवते. घराच्या पडवीत मांडलेली चार टेबलं, मागे एक चूल, एक गॅस, आणि राबणारे हात दोघींचे, तिचे आणि सुनेचे. मी दर मे महिन्यात तिथे असतो आणि दर मे महिन्यात एक प्रसंग हमखास बघतो. दुपारी अडीचला दारात गाडी थांबते, दहा माणसं उतरतात आणि दहा सुरमई थाळ्या मागतात. मावशी सांगते, "सुरमय नाय गावली आज. पेडवे आसत, चलतले?" माणसं एकमेकांकडे बघतात आणि परत गाडीत बसतात. पुढे ती तारकर्लीच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात बर्फातली सुरमई खातात, आणि इकडे पहाटे रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) लागलेले पेडवे मावशीच्या पातेल्यात तसेच राहतात. मला दोन्हीकडच्यांचं वाईट वाटतं.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण किनाऱ्यावरचा बराचसा धंदा आजही असा घरातूनच चालतो. होडी सासऱ्याची, खोल्या मुलाने बांधलेल्या, स्वयंपाक सुनेचा. हे घर भरती-ओहोटीवर, मासळीवर, सणावारावर चालतं. इथे येणाऱ्यांच्या बहुतेक चुका होतात त्या हे घर हॉटेल समजल्यामुळे.

जेवायला न कळवता जाणं

घरगुती खानावळीत दुपारच्या जेवणाचा फोन सकाळी नऊच्या आत करा. किती माणसं, किती शाकाहारी, लहान मुलं किती, एवढं सांगितलं की पुरे. बाजारात जाणारं माणूस त्या अंदाजानेच मासे आणतं. फोन करताना "सुरमई आहे का" असं विचारू नका, "आज काय गावलं" असं विचारा. या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. पेडवे, तारली, बांगडे, सौंदाळे ही इथल्या माणसांची रोजची मासळी आहे. ती ताजी असते, स्वस्त असते, आणि तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं ज्याने उकड्या तांदळाच्या भातावर ओतून खाल्लं त्याला पापलेटची आठवण येत नाही. मोठ्या मासळीचा दर रोज बदलतो, म्हणून थाळीचा भाव आधीच विचारून घ्यावा. त्यात कोणाला वाईट वाटत नाही. जेवण झाल्यावर घातलेला वाद मात्र दोघांच्याही मनात राहतो.

सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत पानात येणारी मोठी मासळी बहुधा साठवणीतली असते. मग अडून बसू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा, कुळथाची पिठी मागा, खाडीच्या कुर्ल्या (खेकडे) मिळाल्या तर भाग्य समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूची उसळ चुकवू नका, ती फार थोडे दिवस मिळते.

आणि न कळवता, भुकेल्या पोटी पोचलातच तर? "जे असेल ते वाढा, आम्ही थांबतो" म्हणा. पाऊण तासात घावणे आणि अंड्याचं कालवण पुढ्यात येईल. या वाक्यावर मावशीने कोणालाही परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही.

भरती-ओहोटी न बघता बेत आखणं

इथल्या जुन्या माणसांचं एक साधं गणित आहे. पक्ष कोणताही असो, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. तो भरतीचा अंदाजे तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, ती बेताची.

हे माहीत नसल्यामुळे सगळ्यात महागात पडते ती वाळूत घातलेली गाडी. ओहोटीला किनारा टणक दिसतो, फोटोसाठी गाडी खाली उतरवली जाते आणि चाक रुततं. रुतल्यावर एक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. सगळ्यांनी उतरा. चाकांपुढची वाळू हातांनी काढा, टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकांखाली झावळ्या किंवा गोणपाट घाला आणि हळूहळू बाहेर काढा. दहा मिनिटांत निघाली नाही तर खटपट सोडून वाडीत जा आणि ट्रॅक्टर विचारा. पाणी चढायला लागलं असेल तर एक मिनिटही दवडू नका. गाडी निघाल्यावर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर गंज धरेल. मुळात गाडी खाली न्यायचीच कशाला? वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात.

देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पोहू नका. वरून पाणी शांत दिसतं, खाली ओढ असते. होडीवाला नको म्हणाला की विषय तिथेच संपवा. तो लहानपणापासून ते पाणी बघत आला आहे.

पहाटे रापण ओढताना दिसली तर दोरीच्या आत उभे राहून सेल्फी काढू नका. वीस-पंचवीस माणसांचं त्या दिवसाचं पोट त्या जाळ्यात असतं. बाजूला उभे राहा, विचारून दोरीला हात लावा. बहुतेक वेळा हसून जागा देतात. मासे घ्यायचे असतील तर वाटे होईपर्यंत थांबा.

किल्ला आणि समुद्राखालचं बघणं

"सिंधुदुर्ग" नावाचं रेल्वे स्टेशन आणि सिंधुदुर्ग किल्ला यांत गल्लत करणारे दरवर्षी भेटतात. स्टेशन ओरोसजवळ आहे, जिल्ह्याच्या मुख्यालयापाशी. किल्ला मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर. मालवणला रेल्वे जात नाही. कुडाळला उतरा, तिथून साधारण तीस किलोमीटर एसटीने किंवा रिक्षाने. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकीट काढताना ते बघा.

शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू केलं. आत महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंना खारं पाणी असताना त्यांत आजही गोडं पाणी आहे. होडीवाला गडावर ठरावीक वेळ देतो आणि तेवढ्यात लोक तटावर फोटो काढून परततात. निघण्याआधीच त्याला विचारा, नंतरच्या होडीने परत येता येईल का. पावसाळ्यात होड्या बंद असतात. समुद्र खवळलेला असताना कोणी जास्त पैसे घेऊन न्यायला तयार झालं तरी जाऊ नका.

स्कूबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मेअखेरीस पाणी गढूळ होतं आणि मग "काहीच दिसलं नाही" म्हणून वाद होतात. दमा, कानाचं दुखणं, सर्दी लपवू नका. प्रवाळाला हात लावू नका, पाय टेकू नका. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि बुडी मारलीत त्याच दिवशीचं विमान पकडू नका, अठरा तास जाऊ द्या.

फक्त समुद्र बघून परत फिरणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजातल्या एका कुटुंबाने आपल्या अंगणात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं आहे. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे पोथीतली जुनी चित्रं बघायला मिळतात आणि सांगणाराही घरातलाच असतो. मात्र ते राहतं घर आहे. आधी फोन करून जा, आणि पाच मिनिटांत उरकायला जाऊ नका.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खंड्या जवळ बसलेला दिसतो. तिथेही वेळ भरतीवर ठरते. सकाळी दहाच हवेत असा हट्ट धरलात तर चिखल बघून याल.

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा (जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते) रंगवत बसलेले दिसतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा पत्ते, असे एकूण १२० पत्ते असतात आणि प्रत्येक हाताने रंगवलेला. त्याची किंमत ऐकून "एवढे?" म्हणण्याआधी रंगवणाऱ्याच्या हाताकडे दोन मिनिटं बघा. संपूर्ण संच परवडत नसेल तर कमी पैशांत मिळणारी एखादी वस्तू घ्या, पण घासाघीस नको. चितारआळीत लाकडी फळं आणि भातुकली घेताना "हे इथेच केलंय का" असं सरळ विचारा, कारण आता बाहेरचा मालही शेजारी मांडलेला असतो.

थंडीच्या दिवसांत आलात तर आजूबाजूला जत्रा आहे का, हे चहाच्या टपरीवर विचारा. देवळाभोवती पालखी फिरली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतारी नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही, हार्मोनियम, मृदंग आणि झांज, स्त्रीभूमिकाही पुरुषांच्याच. तिकीट नसतं. अंथरायला चादर न्या, फ्लॅश मारू नका, आणि अर्ध्यात उठायचं असेल तर पहिल्यापासून मागे बसा.

गणपतीत मात्र खानावळ, होडी, रिक्षा यांची अपेक्षा ठेवू नका. चाकरमानी घरी आलेले असतात आणि घरातलं प्रत्येक माणूस आरतीत असतं.

परतताना

हापूसचा खरा मोसम मार्चअखेर ते मे. रस्त्यावर "देवगड" लिहिलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबाही असतो, म्हणून बागायतदाराच्या दारातून घ्या आणि पिकलेला नको, तयार कच्चा घ्या. घरी गवतात अढी घाला, पाच-सहा दिवसांत पिकेल. काजू घेताना सगळ्यात मोठे आणि पांढरे बघू नका. गावठी काजू लहान असतो आणि गोडीला जास्त. सालासकट भाजलेला मिळाला तर तोच घ्या.

रोख पैसे जवळ ठेवा. वाडीत रेंज जाते, पैसे अडकतात आणि बिचारी विक्रेती "मागाहून पाठवा" म्हणते. पाठवायचं राहून जातं. तसं झालं असेल तर फोनमध्ये नंबर शोधा आणि आजच पाठवा.

सोलकढीसाठी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) हवं की सरबतासाठी कोकम, हे दुकानात नीट सांगा. आगळात मीठ असतं, त्याचं सरबत होत नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती वेगळ्या पिशवीत, उभी ठेवा. कपड्यांवर सांडलं तर तो लाल डाग लवकर जात नाही.