ग्रंथालयातून आणलेला सिनेमा: दोष दिग्दर्शकाचा की डिस्कचा?

‘मधेच काहीतरी कापलंय’, ‘संवाद ऐकूच येत नाहीत’, ‘सगळं सीरियलसारखं दिसतं’. ग्रंथालयातून आणलेल्या डीव्हीडीबद्दलच्या या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा सिनेमात नसतंच. ते डिस्कवर, टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा चुकीच्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असतं. अमेरिका-युरोपातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत अजून डीव्हीडींच्या फळ्या आहेत, हिंदी सिनेमांच्या गर्दीत कधी एखादं मराठी नावही हाताला लागतं. तिथून सिनेमा आणून त्यावर मत द्यायचं असेल, तर आधी बाकीचे संशयित बाद करावे लागतात.

काउंटरवरच केस उघडा

आत डिस्क आहे का आणि ती त्याच सिनेमाची आहे का, हे पाहा. मग ती उजेडात तिरकी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारे ओरखडे फारसे त्रास देत नाहीत, कारण लेझर ते क्षणात ओलांडतो आणि हुकलेली माहिती प्लेअर भरून काढतो. गोलाईच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट. तो ट्रॅकच्या बाजूबाजूने चालतो आणि सलग मोठा तुकडा खातो. भोकाभोवती तडा दिसला तर ती डिस्क तिथेच परत द्या, वेगात फिरताना ती फुटू शकते. हे तडे बहुधा डिस्क कडेला धरून ओढल्याने पडतात. केसमधली मधली कळ दाबली की डिस्क आपोआप सुटते.

आता केसची मागची बाजू. रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा आकडा, पाहा: अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. भारतीय डिस्क बहुतेक सर्व रीजनच्या असतात. लॅपटॉपने रीजन बदलायचा का असं विचारलं, तर घाईत ‘हो’ म्हणू नका. ड्राइव्हमध्ये तो पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो.

‘फुलस्क्रीन’ लिहिलेली प्रत शक्यतो टाळा. २.३५:१ या रुंदीत चित्रित केलेला सिनेमा जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत कोंबला की रुंदीचा सुमारे ४३ टक्के भाग छाटला जातो. दोन माणसांच्या भांडणात एकटाच बडबडताना दिसतो, तो यामुळे.

लांबीवरून ‘कापलाय’ म्हणण्याआधी गणित करा. युरोपातल्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) सिनेमा २५ने पळवतात. त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांतच संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. कात्री कुठेच लागलेली नसते.

अडकली तर

सदऱ्याच्या टोकाला गोलगोल पुसणं ही सार्वत्रिक सवय, आणि नेमकी तीच चुकीची. मऊ, सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. बोटांचे तेलकट ठसे असतील तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. धुऊन पूर्ण कोरडी करा. टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय दुसऱ्याच्या डिस्कवर करू नका.

सिनेमाच्या साधारण मध्यावर एकदाच, अर्धा-एक सेकंद चित्र थबकलं तर तो बिघाड नाही. दोन थरांच्या डिस्कवर लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा असं होतं. पण डिस्क एखाद्या जागी दर वेळी अडकूनच पडत असेल तर तेवढं चॅप्टर ओलांडा, वेळ टिपून ठेवा आणि परत करताना सांगा. डिस्कवर चिठ्ठी मात्र चिकटवू नका, तोल जाऊन ती थरथरते.

टीव्हीला शिस्त लावा

सर्वात मोठा गुन्हेगार म्हणजे मोशन स्मूदिंग. एलजीमध्ये त्याचं नाव ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो. टीव्ही दोन खऱ्या चौकटींमध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसडतो आणि सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ते बंद करा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. ‘व्हिविड’मध्ये कृष्णधवल सिनेमाही निळसर पडतो.

मग पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधा: ताट, चाक, पूर्ण चंद्र. ती अंड्यासारखी आडवी दिसली तर चित्र ताणलेलं आहे. प्रभातच्या काळातले सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीचे, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असायलाच हव्यात. कपाळं कापली जात असतील तर झूम चालू आहे.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं, असं असेल तर डिस्कच्या मेनूतून ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ ट्रॅक निवडा. ५.१मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीच्या दोनच स्पीकरांत ते दबतात.

मूकपटाची गोष्ट वेगळी. फाळक्यांच्या काळातले कॅमेरे हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटींनी. तेच २४ने दाखवलं की माणसं तुरुतुरु चालतात. नटांना हसू नका.

मग सिनेमा

डीव्हीडीची मुदत सहसा पुस्तकापेक्षा कमी असते, म्हणून शक्यतो शुक्रवारी आणा. पहिल्यांदा सलग पाहा, फोन दुसऱ्या खोलीत. दिग्दर्शकाची कॉमेंट्री आणि परीक्षणं नंतर; आधी स्वतःच्या चार ओळी लिहा.

वही जवळ असू द्या, पण वाक्यं लिहीत बसू नका. वेळ आणि दोन-तीन शब्द पुरे: ‘४१:१० – ताट सरकवलं, बोलली नाही’. दुसऱ्या दिवशी अशा नोंदींतलं दहा मिनिटांचं एक दृश्य निवडा. एकदा आवाज बंद करून पाहा. कोण कुठे उभं आहे, कॅमेरा कधी जवळ जातो, यावरून तंटा समजला तर दिग्दर्शन भक्कम. मग पाठ फिरवून नुसतं ऐका. आवाजातून जागा उभी राहते का, की संगीतच रडायचं कधी ते सांगतंय?

चित्र मधेच उडालं तर संकलकाला दोष देण्याआधी कान द्या. चित्र उडतं, पण आवाज अखंड राहतो, तर तो जाणूनबुजून केलेला कट असण्याची शक्यता जास्त. चित्र उडालं आणि पाऊण-एक सेकंदाने आवाजही तुटला, तर बहुधा मूळ प्रिंट, म्हणजे ज्या फिल्मवरून डिस्क बनवली ती, तिथे फाटून जोडलेली आहे. ३५ मिमी प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापतात, म्हणून जोडाचा धक्का दोघांना वेगवेगळ्या क्षणी बसतो. जुन्या सिनेमांत हे इतकं वेळा दिसतं की ओळखायला शिकलेलं बरं.

सबटायटलवरून संवादांवर निकाल देऊ नका. तू, तुम्ही, आपण, तिघांचं इंग्रजीत एकच होतं. इतकी वर्षं ‘अहो’ म्हणणारी बायको भांडणात पहिल्यांदा ‘तू’ म्हणते, तेव्हा मराठी प्रेक्षक चमकतो. शेजारी बसलेल्या, परदेशात वाढलेल्या मुलाला मात्र काहीच घडलेलं दिसत नाही. तिथे पॉज करून सांगावंच लागतं. जपानी, कोरियन सिनेमा पाहताना आपण त्या मुलाच्या जागी असतो. जुन्या हिंदी डिस्कवर तर बऱ्याचदा गाण्यांना सबटायटलच नसतात, आणि निम्मी गोष्ट गाण्यातच असते.

परत करायला निघण्याआधी केस उघडा. डिस्क प्लेअरमध्येच राहते आणि रिकामी केस काउंटरवर पोहोचते. परतीच्या पुस्तकपेटीत डीव्हीडी चालते का तेही विचारून घ्या. वरून जाडजूड ग्रंथ पडला की केस फुटते आणि भरपाईचं पत्र तुमच्या नावाने येतं.