रिजेक्ट कास्टिंग लगेच फोडू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायच्या कामात मला 23 वर्षं झाली. आमच्या लाइनीत एक वाक्य रोज कानावर येतं, "रिजेक्ट झालं तर काय, परत भट्टीतच जातंय की!" पूर्वी मीही तेच म्हणायचो. लोखंड परत मिळतं हे खरं, पण बाकी काहीच परत मिळत नाही.

हिशोब मांडून बघा. यील्ड 60 टक्के धरा, म्हणजे 100 किलो ओतलं की 60 किलो कास्टिंग आणि 40 किलो रनर-रायझर (रस साच्यात नेणाऱ्या वाटा, नंतर कापून टाकायच्या). एक टन कास्टिंग रिजेक्ट झालं, तर त्यापायी जवळपास 1,667 किलो मेटल वितळवलेलं असतं. इंडक्शन फर्नेसला टनामागे 600 युनिट धरली, तर झाली 1,000 युनिट. युनिटला 8 रुपये लावले, तर 8,000 रुपये नुसत्या विजेचे. वाळूत मिसळायचं बेंटोनाइट आणि कोल डस्ट, कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा), मोल्डरची हजेरी, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), स्लॅगमध्ये म्हणजे मळीत गेलेलं मेटल हे सगळं वेगळंच. तुमच्या बिलावरून तुमचा आकडा काढा आणि भट्टीजवळच्या फळ्यावर लिहा. टक्क्यांत नको, रुपयांत लिहा. टक्के ऑफिसात कळतात, रुपये सगळ्यांना कळतात.

आता कामाचं. रिजेक्ट माल त्याच दिवशी फोडू नका. आमचा पंप केसिंगचा एक मोठा लॉट ग्राहकाकडून मशिनिंगनंतर परत आला. वरचा थर कापला की खाली मुगाच्या दाण्याएवढे ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूची भोकं. आमच्याकडंही त्याच केसिंगची रिजेक्शन आधीपासून होत होती, पण संध्याकाळी घण घालून सगळं चार्जमध्ये, म्हणजे परत भट्टीत. बघायला काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून यार्डात एक लोखंडी टेबल ठेवलंय. आदल्या दिवशीचा प्रत्येक रिजेक्ट त्यावर, खडूने तारीख, हीट नंबर (भट्टीचा कितवा रस) आणि बॉक्स, म्हणजे साच्याची पेटी, किती वाजता भरला ती वेळ. सकाळी आठला मोल्डिंग, मेल्टिंग आणि फेटलिंगचा एकेक माणूस टेबलाजवळ उभा. दहा मिनिटं पुरतात. "चूक कोणाची" हा प्रश्न तिथं काढायचा नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून माल लपवला जातो.

आम्हाला उत्तर खडूच्या वेळेतच सापडलं. सकाळचा माल चांगला, ब्लो होल दुपारी तीननंतरचे. दुपारपर्यंत तीच वाळू पुन्हापुन्हा फिरून गरम झालेली असायची. गरम वाळूतलं पाणी उडतं, म्हणून मलरवरचा (वाळू मळायच्या यंत्रावरचा) माणूस अंदाजाने जास्त पाणी मारायचा. वाळू पॅटर्नला (ज्यावरून साचा उठवतात त्या नमुन्याला) चिकटायची, वाफ साच्यातच अडकायची.

म्हणून वाळू दर तासाला तपासा. ग्रीन सँडला (साच्याच्या ओल्या वाळूला) ओलावा साधारण 3 ते 4 टक्के आणि कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दाबली जाते ते) 40 टक्क्यांच्या आसपास ठेवा. परत येणारी वाळू 50 अंशांच्या वर गेली की सावध व्हा. पाणी मलरमध्ये शेवटी मारण्याऐवजी नॉकआउटनंतर (साचा फोडून कास्टिंग काढल्यावर) वाळू गरम असतानाच थोडं मारा आणि पसरून गार होऊ द्या. जमलं तर सिस्टीममधली एकूण वाळू वाढवा. उपकरण हाताशी नसेल तेव्हा आमचे मलरवरचे मामा करतात तसं करा: मूठभर वाळू घट्ट दाबायची, मूठ उघडायची, गोळा मधोमध मोडायचा. कडा धारदार राहिल्या आणि बोटांना चिखल लागला नाही, तर ठीक. मात्र ही रीत तासातासाच्या टेस्टच्या जागी चालवू नका. जुलैत पाऊस लागला की नवी वाळू उघड्यावर ठेवू नका. स्क्रॅपही नको. ओला स्क्रॅप वितळलेल्या रसात पडला तर मेटल उसळतं. तिथं प्रश्न पैशांचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे.

भट्टीवर एकच गोष्ट लिहायला लावा: रस तयार कधी झाला आणि टॅप कधी केला, म्हणजे भट्टीतून बाहेर कधी ओतला. मधली मिनिटं म्हणजे फुकट जाणारी वीज. बहुतेक वेळा कारण भट्टीत नसतं, बॉक्स तयार नसतात किंवा लॅडल (रस न्यायचं भांडं) गार असते. गार लॅडलमध्ये तापमान पडतं, म्हणून माणूस भट्टीच जास्त तापवतो. लॅडल आधी तापवा, झाकण लावा, तापमान डोळ्यांनी नको, पायरोमीटरने मोजा. रनर-रायझर वाळू झाडूनच चार्ज करा. चिकटलेली वाळूही वीज खाते आणि शेवटी तिचा स्लॅगच होतो.

हवेच्या कॉम्प्रेसरचं थोडक्यात. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि कान देऊन शेडमधून फिरा. हवेच्या लाइनीला 7 बारला 3 मिलिमीटरचं एक भोक साधारण साडेतीन किलोवॅट खातं. जिथं फुसफुस ऐकू येईल तिथं चिंधी बांधा, सोमवारी फिटरला दाखवा.

सगळं एकदम सुरू करू नका. सगळ्यात जास्त रिजेक्ट होणारं एकच कास्टिंग निवडा, महिनाभर त्याचेच तुकडे टेबलावर ठेवा. आमच्याकडं सध्या तिथं एक ब्रेक ड्रम आहे, कोल्ड शटचा (रस गार पडून नीट न जुळलेला), आणि त्याची वेळ सकाळी सव्वाआठची आहे. पहिली हीट, गार लॅडल.